किलोमीटर नव्हे, चढ मोजा : कृष्णेच्या खोऱ्यात सायकलवरून भूगोल



मुलांची सायकल सहल ठरवताना पहिला प्रश्न हमखास एकच असतो, "किती किलोमीटर?" सपाट मुलखात हा प्रश्न पुरतो. डोंगराळ नदीखोऱ्यात मात्र तो फसवतो. वाईहून धोम सुमारे ९ किलोमीटर आणि वाईहून पाचगणी सुमारे १२ किलोमीटर. आकडे जवळजवळचे. पण पहिला रस्ता पाचवीतलं मूल गप्पा मारत पार करेल आणि दुसऱ्यावर धडधाकट माणूसही सायकल हातात धरून दम खात उभं राहील. म्हणून अशा ठिकाणी विचारायचं ते "किती चढ?" आणि याचं उत्तर नकाशावरची नदी देते. ते कसं, हे वाई परिसराच्या उदाहरणाने पाहू.

नदीवरून रस्ता कसा ओळखायचा?

खोऱ्यातले रस्ते ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात.

१. नदीकाठचा रस्ता. पाणी नेहमी कमी उताराची वाट धरतं. रस्ता नदीच्या सोबतीने, तिच्या जवळून जात असेल तर तोही सौम्यच असणार. वाई–मेणवली–धोम हा असा रस्ता. एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला ऊस आणि हळदीची शेतं. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीवरचा घाट, पुढे धोमला नृसिंहाचं मंदिर आणि धरण. पाचवी ते सातवीच्या मुलांना हाच रस्ता योग्य.

२. डोंगराच्या कडेने जाणारा रस्ता. धोम जलाशयाच्या काठाने वर जोर गावाच्या दिशेने गेलात की हा प्रकार दिसतो. डोंगरातून उतरणारा प्रत्येक ओढा खोऱ्याला छेद देतो, आणि दोन ओढ्यांच्या मध्ये डोंगराची सोंड पुढे आलेली असते. म्हणून ओढा आला की उतार, सोंड आली की चढ. एकूण उंची फारशी वाढत नाही, पण छोटे छोटे चढ बेरजेत पाय दुखवतात. मुलं इथे हटकून विचारतात, "सर, आत्ताच तर उतरलो, परत चढ कसा?" ओढे आणि सोंडा समजावून सांगायला याहून चांगली जागा मिळायची नाही.

३. खोरं सोडून जाणारा रस्ता, म्हणजे घाट. नदीची सोबत सोडून रस्ता पठारावर किंवा पलीकडच्या खोऱ्यात निघाला, की तो चढणारच. शाहीर साबळे यांचं पसरणी गाव मागे टाकून पाचगणीला जाणारा पसरणी घाट हा त्याचा नमुना.

हा भाग दख्खनच्या पठाराचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक साचून हे डोंगर झाले. काही थर कठीण, काही मऊ, त्यामुळे झीज सारखी होत नाही आणि उतार पायऱ्यांसारखे दिसतात. घाटातून समोरच्या डोंगराकडे बोट दाखवा आणि मुलांना पायऱ्या मोजायला लावा. पाचगणीच्या टेबल लँडवर सर्वांत वर जांभ्याचा थर आहे. लाल माती आणि जांभा हातात घेऊन पाहता येतो.

पसरणी घाटाचं गणित

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर, पाचगणी सुमारे १,२९० मीटर. फरक ५७० मीटर. अंतर १२ किलोमीटर. म्हणजे दर १०० मीटरला सरासरी पावणेपाच मीटर चढ. ऐकायला किरकोळ वाटतं ना? आता पुढचं गणित करू.

नववीतला मुलगा ४५ किलोचा आणि सायकल १५ किलोची धरा, एकूण ६० किलो. हे वजन ५७० मीटर उचलायला लागणारं कार्य म्हणजे वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची :

६० × ९.८ × ५७० = सुमारे ३ लाख ३५ हजार ज्यूल, म्हणजे साधारण ८० किलोकॅलरी.

पण आपलं शरीर खाल्लेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. म्हणून प्रत्यक्ष खर्च सुमारे ३२० किलोकॅलरी, म्हणजे तीन केळ्यांहून थोडा जास्त. वारा आणि टायरचं घर्षण वेगळंच. "सकाळी खाऊन निघा" हे वाक्य मुलांना एरवी पटत नाही, या गणितानंतर पटतं. घामही भरपूर जातो, म्हणून प्रत्येकाजवळ पाण्याची स्वतःची बाटली हवी.

गिअर नसलेल्या सायकलवर हा घाट सलग चढणं मोठ्यांनाही जड आहे. उतरून सायकल ढकलत नेण्यात काही कमीपणा नाही, हे निघण्याआधीच मुलांना सांगा.

खरा धोका उतारावर

बहुतेक पालकांना चढाची काळजी वाटते. "उतारावर काय, सायकल आपोआप जाते." नेमकं तिथेच सावध राहायचं. चढताना मिळवलेले ते ३ लाख ३५ हजार ज्यूल उतरताना कुठे जातात? थोडे हवेशी घर्षणात, बाकीचे ब्रेकमधून उष्णता होऊन. घाट उतरल्यावर रिम हाताला गरम लागते ती यामुळेच. (हात जपून लावा, चटका बसतो.)

शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारं मूल भानावर येऊन ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे गेलेलं असतं, ताशी ४० असेल तर अकरा मीटर. त्यापुढे वळण आणि वळणावर खडी. म्हणून एवढं पाळा :

- निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेकचे रबर आणि वायर तपासा. एक जरी ब्रेक ढिला असेल तर ती सायकल घाटात नको.
- दोन्ही ब्रेक मिळून वापरा. वळणाच्या आधी वेग कमी करा, ऐन वळणात करकचून ब्रेक नको.
- अंतर ठेवून एकामागे एक चाला. शर्यत नाही.
- अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा वाहतुकीचा नियमच आहे.
- हेल्मेट सगळ्यांना, सोबतच्या शिक्षकांनासुद्धा.

आठवीच्या खालच्या मुलांना सायकलवरून घाट उतरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना पाचगणी दाखवायचीच असेल तर एसटी आहे. पावसाळ्यात तर कोणालाच नको. दरडी, धुकं आणि निसरडा रस्ता एकत्र येतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि वाईला त्याचा पाव हिस्साही नाही. त्यामुळे खाली ऊन आहे म्हणून वरही ऊन असेल असं धरून निघू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम, पण सुट्ट्यांमधली पर्यटकांची गर्दी टाळा.

मोठ्यांसाठी : दोन नद्यांचा फेरा

सरावलेल्या सायकलस्वार शिक्षकांसाठी एक सुंदर फेरा आहे. सातारा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, केळघर घाट, मेढा आणि परत सातारा, असं सुमारे १२० किलोमीटर. सातारा–वाई टप्प्यात काही भाग महामार्गाचा आहे, तिथे पहाटेच निघालेलं बरं. पाचगणीच्या पुढे रस्ता पठारावरून जातो. थोडी वाट वाकडी केली की २०१७ साली 'पुस्तकांचं गाव' झालेलं भिलार लागतं.

या फेऱ्याची गंमत अशी, की तुम्ही कृष्णेच्या खोऱ्यातून चढता आणि वेण्णेच्या खोऱ्यातून उतरता. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, वेगवेगळ्या वाटांनी वाहतात आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला भेटतात.

वर्गात करून पाहा

सातवीच्या भूगोलात समोच्चरेषा येतात. मुलांना त्या बहुधा नुसत्या वेड्यावाकड्या रेघा वाटतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर दोन समोच्चरेषांत २० मीटरचं अंतर असतं. वाई ते पाचगणी रस्त्यावर बोट फिरवत रेषा मोजायला सांगा. सुमारे २८ येतील. धोमच्या रस्त्यावर मोजक्याच. मग विचारा, "कुठल्या रस्त्याने जाल?"

हाच खेळ तुमच्या गावच्या नदीवर करा. मुलांनी आधी नदी निळ्या रंगाने गिरवावी, मग ओढे, मग रस्ता. रस्ता कुठे नदीसोबत आहे, कुठे ओढे ओलांडतो आणि कुठे नदीला सोडून चढतो, ते तीन रंगांनी दाखवावं. नंतर त्यातला नदीकाठचा तुकडा रविवारी पालकांसोबत सायकलवरून जाऊन तपासावा. नकाशावर रेषा दाट झाल्या की पाय भरून येणार, हे ज्या मुलाने एकदा अनुभवलं, त्याला समोच्चरेषेची व्याख्या पाठ करावी लागत नाही.