टायरमधली हवा: समृद्धीवर जाण्याआधी
मुंबई ते नागपूर, समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर. निघताना पंपावर काय सांगता? ‘ऊन आहे, हवा जरा कमीच ठेव.’ हो ना? इथेच घोळ होतो. हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दबतात, वाकतात, आतून तापतात. मग वेगात असताना टायर फुटू शकतो. बरोबर आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो बघून हवा भरू नका. तपासायची सकाळी, टायर थंड असताना. स्टेपनीचीपण, ती बिचारी कायम विसरली जाते! आणि खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे दिसतील. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली, तर टायर बदलायचाच.