वीज गेली आणि वर्गात पाणी!

मुलांनो, आमच्या चौथीच्या वर्गात एक मत्स्यपेटी आहे. तिच्यात २५ गप्पी मासे. तिच्या खाली आणखी एक छोटी काचपेटी, तिला म्हणतात ‘सम्प’. वरचं पाणी नळीतून आपोआप सम्पमध्ये उतरतं, स्पंजातून गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. सम्प आम्हीच बनवला, बरं का!

वरून पडणारं पाणी हवा घेऊन येतं. ती पंपात शिरली, की पंप खरखरतो आणि वरच्या पेटीत बुडबुडेच बुडबुडे! म्हणून सम्पमध्ये तीन काचेच्या आडभिंती बसवतात. त्यांना ‘बॅफल’ म्हणतात. आम्हीही बसवल्या, चांगल्या २७ सेंमी उंच. जास्त पाणी मावेल ना!

एका दुपारी वीज गेली. पंप थांबला. आणि पाहतो तर काय, पंपाच्या नळीतून वरचं पाणी उलटं खाली यायला लागलं! सम्प भरला, वाहिला, दप्तरं भिजली. वरच्या पेटीत पाणी चार बोटं उरलं. मासे तडफडायला लागले. इतक्यात एका मुलीनं नळीचं तोंड झटकन पाण्याबाहेर काढलं. नळीत हवा शिरली आणि धार थांबली. मासे वाचले!

“बाई, पाणी उलटं का आलं?” सगळ्यांचा एकच प्रश्न. दोन बादल्या आणि रबरी नळी घेऊन आम्ही करून पाहिलं. नळी पाण्यानं भरलेली असली, की वरच्या बादलीतलं पाणी खालच्या बादलीत जातच राहतं. आमच्या नळीचं तोंड पेटीच्या तळाशी होतं, तीच चूक!

मग मांडलं गणित. नळीचं तोंड पाण्याखाली फक्त ३ सेंमी ठेवायचं. वरची पेटी ९० सेंमी लांब, ४० रुंद. म्हणजे परत येणारं पाणी ९० × ४० × ३ = १०,८०० घनसेंमी, जवळजवळ ११ लिटर. सम्प ६० × ३० चा, उंची ३०. त्यात पाणी ६ सेंमी चढणार. म्हणून पहिली आडभिंत १८ सेंमीची. १८ आणि ६ चोवीस. वर ६ सेंमी मोकळे!

काचवाल्याकडून नव्या काचा कापून, कडा घासून आणल्या. रुंदी २९.५ सेंमी, कारण बाजूला सिलिकॉनला जागा हवी. पहिली तळाला टेकलेली. दुसरी तळापासून २.५ सेंमी वर, पण तिचा माथा पहिलीपेक्षा उंच. तिसरी पुन्हा तळाला, १५ सेंमीची. मध्ये २.५ सेंमी अंतर. पाणी पहिलीवरून उडी मारतं, दुसरीखालून सरपटतं, तिसरीवरून पंपाकडे जातं. हलके बुडबुडे तेवढ्यात वर येऊन फुटतात.

सिलिकॉन मात्र मत्स्यपेटीचंच घ्या, बुरशीनाशक घातलेलं नको. आम्ही आठवडाभर वाळू दिलं. काच आणि वीज यांची कामं मोठ्या माणसांसमोरच करायची हं!

शेवटी आम्ही मुद्दाम पंप बंद केला. सगळे श्वास रोखून बघत होते. पाणी चढलं... आणि चोवीसच्या खुणेच्या आतच थांबलं. गणिताच्या तासाला एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या!