चिमणरावांना आतून कोण दाखवणार?

कापूरहोळ मागं पडलं की सातारा रस्त्यावर आमची किकवी लागते. पुढं सारोळ्याशी नीरा ओलांडली की शिरवळ, म्हणजे जिल्हाच बदलला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मात्र या पट्ट्यात ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांचं सगळं लक्ष सिंहगडाकडे. गडावरच्या मनोऱ्यामुळे १९७३ पासून मुंबई दूरदर्शन इकडे दिसू लागलं होतं. एकानं छपरावर चढून अँटेना फिरवायची, दुसऱ्यानं खालून ‘आलं, आलं, गेलं’ असं ओरडायचं. त्या मुंग्यांमधून मला पहिल्यांदा चिमणराव दिसले. पुस्तक नंतर हाती आलं आणि घोळ सुरू झाला. पानावरचे चिमणराव हे पडद्यावरचे नव्हतेच.

एकाच पात्राला नवनवे अवतार देण्याची खोड जगभर आहे. शेरलॉक होम्स १८८७ मध्ये छापून आला, तो अजून निवृत्त होईना. शेक्सपिअरचा हॅम्लेट आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ म्हणून मराठीत आणला. लिअर राजाची छाया घेऊन शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ १९७० मध्ये उभा राहिला. रंगभूमीवर श्रीराम लागू आणि २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकर. आमच्याकडच्या यात्रांतल्या तमाशाची गवळण घ्या. कृष्ण आणि मावशी तेच असतात, पेंद्या दरवर्षी नवा असतो, कारण सोंगाड्या ग्रामपंचायतीची ताजी भानगड त्याच्या तोंडी घालतो. असो. मला बोलायचंय ते चिमणरावांबद्दल.

चिमणरावांचे लेखक चिंतामण विनायक जोशी हे बडोद्याला पाली भाषा शिकवणारे प्राध्यापक. अशा विद्वानानं मध्यमवर्गीय कारकुनाची फजिती लिहावी, यातच अर्धी गंमत आहे. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ १९३३ चं. चिमणराव, बायको काऊ, मुलं मोरू, मैना आणि राघू, आणि दणकट गुंड्याभाऊ. जोशींचं कसब हे की सगळी हकिगत खुद्द चिमणराव सांगतात, आणि आपण विनोदी आहोत याचा त्यांना पत्ताच नाही. आपण शहाणे, व्यवहारी, जरा शूरसुद्धा, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. वाचणाऱ्याला मात्र वाक्यावाक्यात खरा प्रकार दिसत असतो.

आता हे कॅमेऱ्यासमोर कसं आणायचं? कॅमेरा चिमणरावांना बाहेरून बघतो. ‘मी’ गेला की उरतो एक भित्रा गृहस्थ, आणि असे गृहस्थ विनोदी चित्रपटात पैशाला पासरी. मास्टर विनायकांनी १९४० मध्ये ‘लग्न पहावे करून’ आणि १९४२ मध्ये ‘सरकारी पाहुणे’ काढले. चिमणराव दामुअण्णा मालवणकर, गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. दामुअण्णांचा तिरळा डोळा प्रसिद्ध. माझं मत असं की, हरवलेला ‘मी’ त्या डोळ्यानं निम्मा तरी भरून काढला. बोलणं एकीकडे, नजर भलतीकडे, त्यामुळे माणूस स्वतःबद्दल सांगतो ते आणि आपल्याला दिसतं ते यांतली फट आपोआप तयार व्हायची. बाकी निम्मं काम जोगांचं. चिमणराव किती लटपटतात हे शेजारी न लटपटणारा माणूस असल्याशिवाय कळत नाही. म्हणून हे पात्र एकट्याचं नाही, जोडीचं आहे. कोट-टोपी बदलली तरी चालेल, जोडी मोडली की संपलं.

दूरदर्शनच्या मालिकेत विजया जोगळेकर-धुमाळे यांनी हेच ओळखलं. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. प्रभावळकरांनी डोळ्यांऐवजी आवाज पकडला. वाक्य ऐटीत सुरू करायचं आणि शेवटाकडे येता येता हवा काढून घ्यायची. कर्व्यांचा गुंड्याभाऊ ते वाक्य पुरं होण्याची वाटही बघायचा नाही. मालिका इतकी गाजली की १९७९ मध्ये चित्रपटही निघाला. तेव्हापासून चिमणराव म्हटलं की प्रभावळकर दिसतात, आणि अडचण इथेच आहे: इतका फिट्ट बसलेला चेहरा पुढच्या नटाची वाट अडवतो.

प्रभावळकरांचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवळण. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश. त्याची पुस्तकं वीस. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ वाचल्यावर मला उगाचच अभिमान वाटला होता, कारण पुण्याहून वाईमार्गे प्रतापगडाला निघालेला माणूस किकवीवरूनच जातो. फुरसुंगीलाही मुद्दाम जाऊन आलो. सायकल दामटणारा पोरगा दिसेल असं रान तिथं आता फारसं उरलेलं नाही. कचरा डेपोचं नाव मात्र सगळ्यांना ठाऊक. बन्याला आधी दूरदर्शनवर सुमीत राघवननं उभं केलं. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदारांच्या चित्रपटात अमेय वाघनं त्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या घोटाळ्यात उतरवलं. शाळकरी पोराचा तरुण झाला म्हणून जुने वाचक कुरकुरले, मी नाही. कारण चित्रपटानं एक हुशारी केली. पुस्तकांत बन्याच्या हकिगती सांगणारे भागवतच चित्रपटात पात्र म्हणून आणले, आणि ती भूमिका दिली प्रभावळकरांना. चिमणराव साकारणाऱ्यानं चार दशकांनी फेणेचा लेखक साकारावा! सांगणारा माणूस गोष्टीत ठेवला की गोष्टीचा सूर टिकतो.

हाच उपाय चिमणरावांवर कोणी करत नाही. सोसायटीची सभा, कर्जाचे हप्ते, मोरूचा क्लास, पार्किंगवरून भांडण, आजच्या चिमणरावांना साहित्य भरपूर आहे. पण नव्या नटाचा चेहरा शोधण्याआधी एक करून पाहावं. प्रसंगांची मोडतोड न करता त्यांची ध्वनिमालिका करावी. कॅमेरा नको, फक्त चिमणरावांचा स्वतःवर खूश असलेला आवाज, आणि मधेच गुंड्याभाऊंचं खाकरणं. जोशींनी त्यांना जिथून बोलायला लावलं होतं, तिथूनच ते बोलतील. नट कोण, हे मी सुचवणार नाही. प्रभावळकरांची नक्कल करणारा मात्र नको.