‘तुकडेबंदी’चा कायदा शोधताना

शासकीय संकेतस्थळावर कायदा शोधणे म्हणजे चौकटीत शब्द लिहून कळ दाबणे, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात शोधणाऱ्याला त्या कायद्याचे रीतसर नाव, त्याचे वय आणि त्यात झालेल्या सुधारणांचा क्रम यांची ओळख करून घ्यावी लागते. महाराष्ट्रात ज्याला सर्रास ‘तुकडेबंदी’ म्हणतात, त्या कायद्याचा शोध या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. पाच-दहा गुंठ्यांची खरेदी असो वा भावाभावांतील वाटणी, तलाठ्याच्या दप्तरापासून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयापर्यंत हाच शब्द चालतो, पण अधिनियमाच्या शीर्षकात तो नाही. तेथे ‘महाराष्ट्र धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे एकत्रीकरण करण्याबाबत अधिनियम, 1947’ असे लांबलचक नाव आहे. त्यामुळे लोकांच्या तोंडचा शब्द लिहिला, तर बातम्या व सल्ल्याचे लेख भरपूर मिळतात आणि कायद्याचा पाठ मात्र मागे राहतो.

मराठीतून शोध घेताना पहिली अडचण व्याकरणाचीच येते. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते, म्हणजे त्याचे मूळ रूप बदलते: ‘जमीन’मधला दीर्घ ‘मी’ ‘जमिनींचे’ या रूपात ऱ्हस्व होतो, ‘तुकडा’चे ‘तुकड्याचे’ होते. अक्षराला अक्षर जुळवून पाहणाऱ्या शोधयंत्रणेला ‘जमीन’ आणि ‘जमिनींचे’ हे दोन वेगळेच शब्द वाटतात. म्हणून सरावलेली व्यक्ती प्रत्यय लागूनही ज्याची मूळ अक्षरे शाबूत राहतात असा शब्द निवडते, आणि या शीर्षकात तो ‘एकत्रीकरण’ हा आहे. सलग शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल, तर तो अवतरणचिन्हांत लिहिण्याची पद्धत अनेक शोधयंत्रांत चालते, मात्र तेव्हा छापील ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार तंतोतंत पाळावे लागतात.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. जुन्या राजपत्रांच्या, म्हणजे शासनाच्या अधिकृत प्रकाशनाच्या, कित्येक पीडीएफ प्रती ही केवळ पानांची छायाचित्रे असतात, तर काही प्रती युनिकोडपूर्व काळातील फॉण्टमध्ये अक्षरजुळणी केलेल्या असतात. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण तोच मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की असंबद्ध चिन्हे उमटतात. अशा प्रतीत शब्द शोधून काही उपयोग नसतो. येथे वर्ष आणि क्रमांक कामी येतात, कारण प्रत्येक अधिनियमाला त्या वर्षाचा क्रमांक असतो आणि हा कायदा 1947 चा 62 वा अधिनियम आहे. जुन्या इंग्रजी प्रतींत तोच क्रमांक रोमन अंकांत असतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. केंद्र शासनाच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर केंद्राबरोबर राज्यांचेही अधिनियम असून, तेथे संक्षिप्त नाव, क्रमांक व अधिनियमितीचा दिनांक यांनुसार याद्या पाहता येतात, आणि शब्दाने हुलकावणी दिली की या याद्याच वाट दाखवतात. 2012 पूर्वीच्या निवाड्यांत व पुस्तकांत याच कायद्याचे नाव ‘मुंबई’ने सुरू होते, कारण त्या वर्षीच्या 24 व्या अधिनियमाने अनेक कायद्यांच्या संक्षिप्त नावांत ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आले. म्हणून शोध दोन्ही नावांनी घ्यावा.

अधिनियम सापडला तरी प्रश्न सुटतोच असे नाही. किती क्षेत्राखालील जमीन तुकडा ठरते, हे शेतकऱ्याला हवे असते, आणि तो आकडा अधिनियमात नसतो. अधिनियम ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ही संज्ञा देतो व ते ठरवण्याचा अधिकार शासनाला देतो. आकडा अधिसूचनेत, म्हणजे त्या अधिकाराने राजपत्रात काढलेल्या आदेशात असतो. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीस 20 गुंठे आणि बागायतीस 10 गुंठे असे क्षेत्र ठरवले. केवळ अधिनियम वाचून थांबणारा या आकड्यापर्यंत पोहोचतच नाही.

सर्वांत जपून वाचायची जागा म्हणजे तळटीप. एकत्रित प्रतीत कोणते शब्द कोणत्या वर्षाच्या कोणत्या अधिनियमाने घातले वा गाळले, हे तेथे बारीक अक्षरांत नोंदलेले असते, आणि सर्वांत अलीकडच्या तळटिपेच्या वर्षावरून ती प्रत निदान कोठवर आली आहे याचा अंदाज बांधता येतो. कलम 9 मध्ये 2017 च्या सुधारणेने जुने नियमबाह्य व्यवहार बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत अधिमूल्य भरून नियमित करण्याची सोय झाली, पुढे हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले, आणि त्यानंतरही कायदा बदलत राहिला. जुनी प्रत हाती आलेला माणूस जुनीच रक्कम मनात धरून बसतो. म्हणून प्रतीतील शेवटच्या तळटिपेनंतरची राजपत्रे स्वतंत्रपणे पाहावी लागतात: राज्याच्या राजपत्राच्या भाग चारमध्ये अधिनियम व अध्यादेश मराठीत येतात आणि भाग आठमध्ये त्यांचे इंग्रजी पाठ येतात. 1947 चा मूळ कायदा इंग्रजीत झाला, तर अलीकडच्या सुधारणा मराठीत होतात आणि संविधानाच्या अनुच्छेद 348 (3) नुसार राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला त्यांचा अनुवाद अधिकृत इंग्रजी पाठ मानला जातो. एकाच कायद्याची कलमे अशी दोन भाषांतून घडलेली असल्याने अर्थाबद्दल शंका आली की दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचणे आवश्यक ठरते.

कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात चालत नाही. तेव्हा तो कायदा नागरिकाला त्याच्या भाषेत शोधता येणे हा त्याचा हक्क आहे. राज्याच्या प्रत्येक अधिनियमाचा मराठी पाठ युनिकोडमध्ये, अद्ययावत दिनांकासह आणि लोकांच्या तोंडी रुळलेल्या नावाची नोंद करून संकेतस्थळावर ठेवावा, आणि हे काम ‘तुकडेबंदी’पासून सुरू करावे.