मज्जापेशीची ओळख आणि विनामूल्य शाळा

मेंदूचे शास्त्र हा डॉक्टरांचा प्रांत. हाताने काम करणाऱ्याने त्यात कशाला डोकवावे, असे पुष्कळांना वाटते. मला नेमके उलट म्हणावयाचे आहे. कामगाराला हे शास्त्र आधी कळले पाहिजे. कारण त्याचा हात ज्या तंतूंच्या बळावर चालतो, त्यांवर घाला घालणारी द्रव्ये त्यालाच हाताळावी लागतात.

हे ज्ञान आता विकत घ्यावे लागत नाही. मराठी विश्वकोश संगणकजालावर खुला आहे. त्यात ‘तंत्रिका तंत्र’ ही नोंद प्रथम वाचावी. आपण मज्जासंस्था म्हणतो तीच ही. पुढे, आपल्या पवईच्या आय. आय. टी.सह देशातील उच्च संस्थांनी उभारलेल्या एन्‌पीटेल या उपक्रमात प्राध्यापकांची व्याख्याने घरबसल्या पाहता येतात. ह्यूस्टनच्या टेक्सास विद्यापीठाने तर मज्जाविज्ञानाचे पाठ्यपुस्तकच हलत्या आकृत्यांसह खुले ठेवले आहे. ते इंग्रजीत आहे. पण मराठी नोंद आधी मुरलेली असली, तर अर्धा अर्थ आकृतीच सांगते.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. या आकड्याने दबून जाऊ नये; एक पेशी नीट समजून घ्यावी. तिला निरोप घेणाऱ्या फांद्या असतात आणि निरोप पुढे नेणारा एक लांब तंतू असतो. तंतूच्या आवरणातील सूक्ष्म दारे उघडली की सोडियमचे विद्युत्‌भारित कण आत घुसतात आणि विजेची लाट पुढे धावते. जलद तंतूंत सेकंदाला शंभर मीटरांपर्यंत.

तंतू संपला की पुढे काय? गॉल्जी म्हणे, सारे एक अखंड जाळे आहे. काहाल म्हणे, प्रत्येक पेशी वेगळी. १९०६ साली नोबेल पारितोषिक दोघांना मिळून दिले गेले. पुढे काहालचे म्हणणे खरे ठरले. बहुतेक ठिकाणी दोन पेशींमध्ये फट असते, मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी. ती रसायन ओलांडते. स्नायूला हुकूम देणारे रसायन अ‍ॅसिटिलकोलीन. काम होताच एक एन्झाइम त्याचे तुकडे करून हुकूम संपवते.

सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके हे एन्झाइमच निकामी करतात. मग हुकूम थांबत नाही : घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंचा थरकाप, अखेर श्वास बंद. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारलेल्या औषधांत या वर्गातील औषधेही होती. हे केवळ शेतावरचेच नव्हे. शहरातील इमारतींत वाळवीसाठी वापरले गेलेले क्लोरपायरिफॉस याच वर्गातले. ज्याला त्या फटीची माहिती आहे, तो सोबत्याच्या बारीक बाहुल्या पाहून ‘ऊन लागले असेल’ असे म्हणणार नाही. भिजलेले कपडे उतरवील, अंग साबणाने धुवील आणि औषधाच्या डब्यावरील नाव घेऊन तडक रुग्णालय गाठील. हातमोजे व मुखवटा तो मालकाकडे हक्काने मागेल.

शिकावे कसे, हेही मेंदूच सांगतो. एरिक कँडेल यांनी समुद्रातील गोगलगायीवर प्रयोग करून दाखविले, की पुनरावृत्तीने पेशींमधील जोड बळकट होतात. २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी. म्हणून दहा मिनिटे पाहावे, मोबाइल बंद करावा, आकृती आठवून काढावी आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सोबत्याला समजावून सांगावी. युनियनच्या फळ्यावर मागण्यांच्या शेजारी ही आकृतीही काढता आली पाहिजे.