कोणत्या पाण्याला कोणती गाळणी?

चिपळूणचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस येथे पडतो. आषाढात विहिरी काठोकाठ भरतात. वाशिष्ठी आणि शिव या नद्या दुथडी वाहतात. पण हाच मुलूख वैशाखात तहानतो. जांभा दगडातून पाणी झरझर निघून जाते. विहिरी तळ गाठतात. मग वरच्या वाडीतल्या बायका डोक्यावर हंडा-कळशी घेऊन पाखाडी चढतात आणि उतरतात.

अशा या मुलखात आता घरोघर पाण्याचे एक यंत्र आले आहे. त्याला आर. ओ. म्हणतात. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी येतो. येताना यंत्र घेऊन येतो. म्हणतो, "वहिनी, मुलांना चांगले पाणी मिळू दे." त्याचे मन चांगले आहे. पण यंत्र भिंतीला लावण्याआधी एक गोष्ट विचारली पाहिजे. आपल्या पाण्यात दोष कोणता आहे?

पाण्याचे दोष

पाण्याचे दोष मुख्यतः तीन. पहिला गाळ. तो डोळ्यांना दिसतो. दुसरा जंतू. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यापासून हगवण, कावीळ, विषमज्वर, पटकी हे रोग होतात. तिसरा दोष विरघळलेल्या क्षारांचा. क्षारही दिसत नाहीत, पण जास्त असले तर जिभेला कळतात. पाणी मचूळ लागते. डाळ लवकर शिजत नाही. साबणाला फेस येत नाही.

आता आपल्या तालुक्याकडे पाहा. डोंगरउतारावरच्या जांभ्यातल्या विहिरींचे पाणी बहुधा गोडे असते. त्यात क्षार थोडे. तिथे भीती असते ती जंतूंची. पावसात शेणामुताची घाण वाहत येते आणि विहिरीत मिसळते. उलट खाली दाभोळ खाडीच्या बाजूला भरतीचे खारे पाणी आत शिरते. तिथल्या काठच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ लागू शकते.

रोग वेगळा, तर औषधही वेगळे. जंतू मारायला पाणी खळखळ उकळावे. किंवा क्लोरीनचे औषध पाकिटावर लिहिलेल्या मापाने घालावे आणि अर्धा तास थांबावे. पण पाणी कितीही उकळले तरी मीठ जात नाही. भांड्यातले पाणी आटते, मीठ तिथेच राहते. मीठ काढायचे असेल तरच आर. ओ. यंत्राचे खरे काम.

आकडा काय सांगतो?

पाण्यातले क्षार मोजायला पेनाएवढा छोटा मापक मिळतो. त्याला टी. डी. एस. मापक म्हणतात. तो पाण्यात बुडवला की आकडा दिसतो. एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम क्षार आहेत, ते हा आकडा साधारण सांगतो. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात हा आकडा ५०० च्या आत असावा. दुसरे पाणीच नसेल, तर २,००० ही शेवटची मर्यादा. समुद्राच्या पाण्यात तो सुमारे ३५,००० असतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हा मापक क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. आकडा ५० आला म्हणून पाणी शुद्ध ठरत नाही. त्याच पाण्यात पटकीचे जंतूही असू शकतात. जंतूंसाठी वेगळी तपासणी लागते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला सांगून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. गावात तपासणीची बाटलीही मिळते. तिच्यात पाणी भरून ठेवतात. ते काळे पडले तर पाण्यात मैला मिसळला आहे असे समजावे.

कधी कधी यंत्र विकणारा दारात एक खेळ करून दाखवतो. तुमच्या विहिरीच्या पाण्यात दोन कांड्या घालतो आणि वीज सोडतो. पाणी तांबडे-काळे होते. वर फेस येतो. मग तो म्हणतो, "बघा आजी, हे विष तुम्ही पिता!" आजी घाबरते आणि पैसे मोजते. पण ती घाण पाण्यातली नव्हे. ती कांडीच्या लोखंडाची झीज आहे. पाण्यात थोडे क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरते. यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून ते पांढरेच राहते. त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तेही तांबडे होईल.

यंत्र काम कसे करते?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. हे प्रत्येक घरात पाहिलेले आहे. मीठ फोडीतले पाणी आपल्याकडे ओढून घेते. पाण्याची चाल अशीच असते. मध्ये पातळ पडदा असला, तर गोडे पाणी पडद्यातून खाऱ्या बाजूला जाते.

आर. ओ. यंत्रात ही चाल उलटी करतात. खाऱ्या बाजूचे पाणी पंपाने जोराने दाबतात. मग त्यातले पाणी पडद्यातून पलीकडे जाते आणि क्षार बहुतेक अलीकडेच राहतात. पडद्याची छिद्रे इतकी बारीक असतात की जंतूही त्यातून जात नाहीत. मात्र पडदा फाटला किंवा साठवणीची टाकी घाण झाली, तर जंतू पाण्यात येतातच. म्हणून कित्येक यंत्रांत जंतू मारणारा दिवाही असतो.

असा कामाचा पडदा सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी १९५९ च्या सुमारास अमेरिकेत तयार केला. सौरिराजन हे मूळचे भारतातले. १९६५ साली कॅलिफोर्नियातील कोअलिंगा या गावाला अशा यंत्राचे पाणी मिळू लागले. त्या गावचे पाणी खारट होते. म्हणजे हे यंत्र जन्मले तेच खाऱ्या पाण्यासाठी.

वाया जाणारे पाणी

उरलेले क्षार वाहून नेण्यासाठी यंत्र बरेच पाणी बाहेर टाकते. घरातले साधे यंत्र १ लिटर गोडे पाणी देते, तेव्हा २ ते ३ लिटर पाणी सोडून देते. हिशेब करा. पाच माणसांच्या घरात पिण्यास आणि रांधण्यास रोज २० लिटर पाणी लागते असे धरू. १ ला ३ वाया, तर २० ला ६० लिटर. १५ लिटरचा हंडा धरला तर रोज ४ हंडे. महिन्याला १२० हंडे! वैशाखात पाखाडी चढून आणलेले पाणी मोरीतून गेले, तर डोळ्यांत पाणी येईल.

म्हणूनच २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने सरकारला सांगितले की जिथे क्षार ५०० च्या आत आहेत तिथे या यंत्राला मनाई करावी. तेव्हा विहीर गोडी असेल तर हे यंत्र घेऊ नका. उकळणे, क्लोरीन किंवा नुसता जंतू मारणारा दिवा पुरतो. विहीर मचूळ असेल आणि गोडे पाणी जवळपास नसेल, तर खुशाल घ्या.

सोडलेले पाणीही फुकट घालवू नका. त्याची नळी बादलीत सोडा. त्याने फरशी पुसावी, भांडी विसळावीत, संडासात टाकावे. ते फार खारट असेल तर झाडांना मात्र घालू नये.

यंत्र बसवताना

जागा सावलीची हवी. उन्हात टाकीला शेवाळ धरते. चुलीच्या धुरापासून आणि उष्णतेपासूनही यंत्र दूर ठेवावे. विजेचे बटण यंत्राच्या बाजूला, पाण्याचे शिंतोडे न उडतील असे असावे. यंत्राच्या खाली नको. घरात अर्थिंग आहे की नाही ते वायरमनकडून पाहून घ्यावे. येणाऱ्या पाण्याला वेगळी चावी ठेवावी. म्हणजे दुरुस्तीच्या वेळी सारे घर अडत नाही. नवे यंत्र चालू केल्यावर पहिली भरलेली टाकी पिऊ नये, ओतून द्यावी.

यंत्र विकत घेण्याआधी आणखी दोन प्रश्न विचारावेत. वर्षाला किती खर्च येईल? आणि दुरुस्तीला माणूस गावापर्यंत येईल का? यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते. फिल्टरांचा खर्च सुटत नाही.

निगा

यंत्रात आधी गाळ अडवणारा फिल्टर असतो. मग कोळशाचा फिल्टर. तो क्लोरीन आणि वास काढतो. क्लोरीन पडद्याला बाधते, म्हणून कोळसा पुढे ठेवलेला असतो. त्यानंतर पडदा. गाळाचा आणि कोळशाचा फिल्टर साधारण ६ ते १२ महिन्यांनी बदलतात. पडदा साधारण २ ते ३ वर्षे टिकतो. पावसाळ्यात पाणी गढूळ असले तर गाळाचा फिल्टर लवकर भरतो. अशा वेळी पाणी आधी तुरटीने निवळून आणि फडक्याने गाळून घ्यावे.

साठवणीची टाकी वेळच्या वेळी धुवावी. झाकण उघडण्याआधी वीज बंद करावी. घर बरेच दिवस बंद होते, तर आल्यावर टाकीतले जुने पाणी ओतून द्यावे. आणि यंत्राच्या पाण्यात बोटे बुडवून पेला भरला, तर सारा खर्च वाया. ओगराळे वापरा.

पूर आला तर

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पुराच्या पाण्यात बुडाले. घरांत, दुकानांत चिखल शिरला. अशा पुरात बुडालेले यंत्र पुसून लगेच चालू करू नये. आधी वायरमनला दाखवावे. सगळे फिल्टर आणि पडदा बदलावा, टाकी औषधाने धुवावी. विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल, तर ती उपसून तीत टी. सी. एल. पावडर टाकली पाहिजे. तोवर पाणी उकळूनच प्यावे. वीज नसते तेव्हा यंत्र मुके होते. चूल मात्र पेटते.

वही घाला

आता तुम्हाला लिहिता येते. त्याचा इथे उपयोग करा. यंत्राजवळ एक वही टांगा. फिल्टर बदलला की तारीख लिहा. महिन्यातून एकदा दोन आकडे लिहा: आत येणाऱ्या पाण्याचा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. समजा, आत १,२०० आणि बाहेर १०० येत होते. पुढे बाहेरचा आकडा १५०, २०० करीत ३०० झाला. मग पडदा थकला असे समजावे. तसेच फिल्टर खरेच बदलायला झाला आहे की नाही, हे दुरुस्तीवाल्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा वहीत पाहावे. ज्याची वही लिहिलेली, त्याला कोणी फसवू शकत नाही.

सांगा पाहू

१. तुमच्या विहिरीचे पाणी गोडे आहे की मचूळ?
२. पाणी उकळल्याने काय जाते? काय जात नाही?
३. मापकाचा आकडा लहान आला, तर पाणी न उकळता प्यावे का?
४. तुमच्या घरी रोज पिण्यास आणि रांधण्यास किती हंडे पाणी लागते? आर. ओ. यंत्र बसवले तर किती हंडे जास्त आणावे लागतील? हिशेब वहीत लिहा.