विश्लेषण : ‘फोर बाय फोर’ असूनही एसयूव्ही बर्फावर का घसरते? हिवाळ्यासाठी टायर कसे निवडावेत?

नाताळच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून स्वतःची एसयूव्ही घेऊन थेट मनाली गाठणे आता नवलाचे राहिलेले नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाला आणि लाहौलचा बर्फ मनालीपासून तासाभराच्या अंतरावर आला. त्याचबरोबर बर्फावर घसरणाऱ्या गाड्यांच्या चित्रफितीही दर हिवाळ्यात मोबाइलवर फिरू लागल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या आणि पोलिसांना रात्री पर्यटकांना बाहेर काढावे लागले. अशा चित्रफितींत महागड्या, दणकट एसयूव्हीही दिसतात. गाडी दणकट असूनही ती घसरते, कारण बर्फाशी गाठ पडते ती फक्त टायरची.

‘फोर बाय फोर’ नेमके काय करते?

चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की बर्फात गाडी जागची हलते, चढ चढते. पण ब्रेक लावताना या यंत्रणेचा जवळपास काहीच उपयोग होत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. वळणावर गाडी रस्ता धरून ठेवते तीही टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळेच. म्हणून ‘फोर बाय फोर’च्या जोरावर सहज वर गेलेली गाडी त्याच रस्त्याने खाली येताना हाताबाहेर जाते. शिवाय एसयूव्ही जड असते, तिचा गुरुत्वमध्य उंचावर असतो, त्यामुळे घसरत जाऊन कडेला आदळली तर उलटण्याचा धोका अधिक. आणि एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्या ‘फोर बाय फोर’ नसतात. क्रेटा किंवा नेक्सॉनमध्ये इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. बर्फवृष्टीच्या काळात पोलीस फक्त ‘फोर बाय फोर’ गाड्यांनाच पुढे सोडतात, तेव्हा अनेकांना हे पहिल्यांदा कळते.

बर्फावर गाडी थांबायला किती अंतर लागते?

कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगातील गाडी ब्रेक लावल्यावर साधारण आठ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर त्याच गाडीला तीस मीटर लागू शकतात आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर साठ मीटरहूनही अधिक. हा हिशेब सपाट रस्त्याचा, तोही चालकाला भानावर यायला लागणारा वेळ सोडून. उतारावर गणित फार वाईट होते. घर्षण इतके कमी असताना रस्ता दहा मीटरमागे एक मीटर उतरत असेल, तर ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी थांबतच नाही, घसरत राहते. घाटात असा उतार काही दुर्मीळ नाही.

सर्वांत फसवा असतो तो ‘काळा बर्फ’. दिवसा वितळलेले पाणी रात्री रस्त्यावर पातळ, पारदर्शक थराच्या रूपात गोठते. खालचे डांबर दिसत असल्याने रस्ता नुसता ओला वाटतो. सावलीतली वळणे आणि पूल ही त्याची ठरलेली ठिकाणे.

हिवाळी टायर वेगळा कसा?

दोन गोष्टींत. पहिली रबराची. नेहमीच्या टायरचे रबर थंडीत कडक होत जाते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात रुतेनासे होते. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही मऊ राहील असे केलेले असते, त्यात सिलिकाचा वापर असतो. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली त्याचा फायदा दिसू लागतो, रस्त्यावर बर्फ नसला तरी. दुसरी गोष्ट नक्षीची. खोल खाचांबरोबरच प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला पकडतात. खाचांत दाबून बसलेला बर्फही उपयोगी पडतो, कारण बर्फाला बर्फ चांगला धरतो.

तरीही गोठलेल्या कडक बर्फावर हिवाळी टायरलाही मर्यादा आहेतच. तिथे लोखंडी खिळे बसवलेले टायर किंवा साखळ्याच कामी येतात.

टायरवरील कोणती खूण पाहायची?

तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असे चित्र टायरच्या बाजूवर असेल तर त्या टायरने बर्फावरील ठरलेली चाचणी पार केलेली असते. नुसती ‘एम प्लस एस’ म्हणजे ‘मड अँड स्नो’ ही अक्षरे असतील, तर तो कंपनीचा स्वतःचा दावा असतो. त्यामागे अशी चाचणी असेलच असे नाही.

एसयूव्हीवाल्यांची खरी गफलत होते ती ‘मड टेरेन’ टायरमध्ये. मोठमोठे ठोकळे, रुंद खाचा, रांगडे रूप. चिखलात तो उत्तमच. पण ठोकळ्यांवर बारीक चिरा कमी असल्याने आणि रबर थंडीसाठी बनवलेले नसल्याने गोठलेल्या रस्त्यावर तो अनेकदा साध्या ‘हायवे टेरेन’ टायरपेक्षाही निसटता ठरतो. ‘ऑल टेरेन’ टायर मधला मार्ग, त्यातही हिमकणाची खूण असलेलाच निवडावा.

खरेदी करताना माप आणि भारक्षमतेचा आकडा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच हवा, एसयूव्हीच्या वजनाला हलका टायर चालत नाही. बाजूवरील चार आकडी संख्येतून वय कळते : ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. आणि टायर बदलायचे तर चारही. फक्त पुढचे दोन बदलले तर पुढचा भाग रस्ता धरतो आणि मागचा सुटतो. वळणावर गाडी गर्रकन फिरते ती अशीच.

महाराष्ट्रातून एका सहलीसाठी हा खर्च करावा का?

बहुतेकांनी करू नये. मऊ रबराचा टायर मार्च-एप्रिलच्या विदर्भ-मराठवाड्यातील उन्हात भराभर झिजतो आणि तापलेल्या रस्त्यावर ब्रेकचे अंतरही वाढवतो. वर्षातले आठ दिवस बर्फ आणि उरलेले दिवस समृद्धी महामार्ग, अशा गाडीला तो धोक्याचाच. त्यापेक्षा चांगली नक्षी शिल्लक असलेले टायर आणि मापाच्या साखळ्या हा व्यवहार्य उपाय आहे. आपल्याकडे कायद्याने नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. बर्फासाठी ती अगदीच अपुरी, युरोपात जाणकार निदान ४ मिलिमीटर सुचवतात.

साखळी ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांना लावायची, वेग अगदी कमी ठेवायचा आणि कोरडा रस्ता लागताच ती काढायची. पहिला प्रयोग बर्फात, गोठलेल्या बोटांनी करण्याऐवजी घरच्या पार्किंगमध्येच करून पाहिलेला बरा. आणि ताज्या बर्फवृष्टीत स्वतःची गाडी मनालीतच उभी करून स्थानिक चालकाची गाडी केली, तर त्यात कमीपणा काहीच नाही. तो रोज त्याच वळणांवरून जातो.

टायरमधील हवेचे काय?

तापमान १० अंशांनी उतरले की हवेचा दाब साधारण दीड पीएसआयने कमी होतो. मुंबईच्या ३० अंशांतून उणे ५ अंशांत गेलेल्या टायरमध्ये पाचेक पीएसआयचा फरक पडतो. गंमत अशी की, उंचीवर बाहेरचा दाबही कमी असल्याने मीटरवर यातली काही घट भरून निघालेली दिसते. त्यामुळे अंदाज बांधण्यापेक्षा मनालीत पोहोचल्यावर सकाळी, गाडी सुरू करण्याआधी हवा मोजावी आणि पुस्तिकेतील आकड्याइतकी ठेवावी. वाळूत हवा कमी करण्याची युक्ती रस्त्यावरच्या बर्फाला लावू नये. परतताना सखल भागात पुन्हा एकदा मोजणे आले.

परदेशातील मराठी मंडळींसाठी नियम काय?

जर्मनीत तारखांचे बंधन नाही, पण रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे हिमकणाची खूण असलेला टायरच ग्राह्य धरला जातो, नुसते ‘एम प्लस एस’ चालत नाही. नियम मोडल्यास ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. कॅनडातील क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ही सक्ती असते. ऑन्टारिओत सक्ती नाही. मात्र हिवाळी टायर बसवणाऱ्यांना विमा कंपन्यांनी हप्त्यात सवलत देणे तिथे बंधनकारक आहे. टोरांटोत पहिला हिवाळा काढणाऱ्या कुटुंबाने टायरच्या खरेदीआधी विमा कंपनीला फोन करून ही सवलत किती मिळेल ते विचारून घ्यावे.